ॲसिटोनमध्ये जमलेले मणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हडळ समोर आली तर चहा पाजून परत पाठवीन! पण सत्तरच्या दशकात कलकत्त्यात भर दुपारी जे पाहिलं... ते ऐकाच.

माझे वडील रेल्वेत, आमचं क्वार्टर गार्डन रीचला. मी एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. माझी सीनियर शिउलीदी शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिएस्टरचे धुळीएवढे मणी करायची, आत औषध भरून. पॉलिएस्टर मिथिलीन क्लोराईडमध्ये विरघळवायचं आणि पाण्यात ओतून घुसळायचं. हे द्रावक पाण्यात मिसळत नाही, थेंबाथेंबानं राहतं, मग उडून जातं... मागे मणी! ॲसिटोन वापरलं तर ते क्षणात पाण्यात मिसळतं, आणि हाती चिकट गोळा – शिळ्या साबुदाण्याच्या खिचडीसारखा.

परदेशी औषधाची शेवटची चिमूट उरली होती. मणी जमले नाहीत तर शिउलीदीची शिष्यवृत्ती बंद, आणि घरी तिचे वडील लग्नाचं स्थळ घेऊन तयारच.

मी आत आलो तेव्हा तिनं ओतून घुसळायला लावलं होतं. सर्दीनं तिचं नाक बंद. माझं नाक मात्र हावड्याला तळलेला मासा इथून ओळखणारं!

"दीदी, हे ॲसिटोन आहे!"

"गप रे बर्गी!" बंगाल लुटणाऱ्या मराठा स्वारांचं हे नाव तिनं मला लाडानं ठेवलेलं. "बाटली बघ ना, विलायती मिथिलीन क्लोराईड!"

पण रिकाम्या विलायती बाटल्या आम्ही कधी फेकत नसू. कुणीतरी भांडी धुवायचं ॲसिटोन त्यात भरलं होतं. बाटलीत उरलेलं मी वेगळ्या पाण्यात टाकलं. मिथिलीन क्लोराईड असतं तर तळाशी बसलं असतं. हे बेमालूम मिसळलं.

शिउलीदीनं भांड्याकडे पाठच फिरवली. "गेलं सगळं..."

पण गोळा कुठे होता? भांड्यात नुसतं दुधासारखं पांढरं पाणी! मी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गोल, नितळ, एकसारखे मणी... आख्खा नक्षत्रलोक काचेवर उतरलेला! पाणी तपासलं, त्यात औषधाचा मागमूस नाही. सगळं मण्यांच्या पोटात.

आमचे मार्गदर्शक सर आले. पूजेच्या मांडवातही हात न जोडणारा माणूस. मणी पाहून त्यांनी विचारलं, "द्रावक कोणतं?"

ती खोटं बोलू शकली असती. "ॲसिटोन, सर."

"थट्टा करतेस?"

ते पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "वहीत ॲसिटोनच लिही. मी सही करतो."

शिष्यवृत्ती वाढली, स्थळ परत गेलं. नंतर तेच पॉलिएस्टर, तेच ॲसिटोन घेऊन आम्ही किती वेळा करून पाहिलं – दरवेळी गोळा! कारण आजही सापडलेलं नाही. शिउलीदी म्हणते, "त्या दिवशी पाण्यानं माझं ऐकलं."

आणि ही बाई रसायनशास्त्राची प्राध्यापिका! मी वाद घालत नाही. घालू तरी कशाच्या जोरावर?