कुत्र्याला न घातलेला लाडू

“थुक ते.”

मालकानं माझ्या तोंडापुढं पंजा धरला. तपासणीच्या साहेबाची गाडी नुकतीच फाटकाबाहेर पडली होती. माझ्या गालात बुंदीचा लाडू होता. पटकन गिळायला गेले, तर त्यानं जबडा दाबला. थुंकले. हातातला उरलेला तुकडाही त्यानं हिसकावला.

धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातला फटाक्यांचा कारखाना. मी अकरा वर्षांची. भुईनळ्यात दारू ठासायला बारीक बोटं लागतात, म्हणून आम्ही पोरी. आई पलीकडच्या शेडमध्ये. तपासणीची कुणकुण लागली की मालक आमच्या अंगावर धुतलेले झगे चढवायचा, बैठकीत सतरंजीवर बसवायचा, पुढ्यात लाडूंचं ताट ठेवायचा. विचारलं तर सांगायचं, पाहुण्यांची पोरं, कार्यक्रमाला आलोय. कसला कार्यक्रम, ते साहेबानं कधीच विचारलं नाही. तोही लाडू खायचा. आमच्या राखाडी बोटांकडं बघत खायचा.

त्या दिवशी गडी आमचे उष्टे तुकडे गोळा करून मालकाच्या कुत्र्याकडं निघाला. मालकानं त्याला अडवलं. आवाजही चढवला नाही.

“कुत्र्याला नगं घालू. ह्यांच्या हाताला इख हाय. मरंल ते.”

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याच हातांनी आम्ही दुपारची भाकरी खात होतो. पाणी फक्त प्यायला मिळायचं, हात धुवायला नाही. माझ्या शेजारची सखू रोज ओकायची, तर हाच म्हणायचा, कामचुकार सोंगं करते. मला रडू आलं नाही. संताप आला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “गप ऱ्हा बाई, आपलं पोट हाय तिथं.” राहिले गप्प. पण डोक्यातून ते गेलं नाही.

पुढच्या तपासणीला त्या साहेबाच्या जागी नव्या बाई आल्या. तेच झगे, तेच ताट. बाईंनी मला विचारलं, तू कुणाची गं? मालक माझ्या मागंच उभा होता. मी एक लाडू उचलला, दोन्ही हातांत चांगला चोळला, राखाडी झाल्यावर त्याच्यापुढं धरला.

“म्या पाहुणी न्हाय. म्या तुमचं नळं भरते. खावा की मालक.”

त्यानं तोंड फिरवलं. बाईंनी ते पाहिलं.

शेडला सील लागलं. आईचं काम गेलं. गावानं आम्हालाच शिव्या दिल्या. मालक जामिनावर सुटला आणि खटला वर्षानुवर्षं रखडला. सखूला अजून जिना चढवत नाही, दम लागतो.

आता मी धाराशिवात नोकरी करते. परवा मालक दारात आला. म्हातारा झालाय, काठी टेकत आला. हातात लाडवांचा पुडा.

“झालं गेलं सोड, पोरी. माझं वय बघ. कोर्टात म्हण, पाहुणी हुते.”

आमचं वय बघितलं होतं का यानं? पुडा मी घेतला नाही. दार लावलं.

मला त्याची दया येत नाही. उरलेलं आयुष्य त्यानं तुरुंगात काढावं, एवढंच मला हवंय. हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या लाडू खाणाऱ्या साहेबाचंही नाव मी घेणार आहे.

सोमवारी माझी साक्ष आहे. सखूला घेऊन जाणार. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिला दम लागला तर पाठीवर घेईन. तिथं एकही शब्द गिळणार नाही.