न हसता कोरलेला बांध

आमच्या तिकोणा पेठेत उन्हाळ्यात शूटिंगवाले येतात. मागे किल्ला, पुढे धरणाचं पाणी, त्यांना आयतं मिळतं. यंदा खलनायकाच्या मागे उभी राहायला त्यांना दांडगी माणसं हवी होती. माझ्या मिशा बघून मला घेतलं.

प्रसंग असा, की काळा चष्मा लावलेला जमीनदार एका विधवेच्या शेतातला हद्दीचा दगड उपटतो आणि आम्ही गुंडांनी मागे खदाखदा हसायचं. खाचर माझंच होतं, भात निघून कोरडं पडलेलं. बघायला गाव जमलं होतं, त्यात माझी चुलती. काका गेल्यापासून ती एकटीच शेती बघते. तिचं खाचर माझ्या खाचराला लागून आहे, मध्ये फक्त बांध.

दगड निघाला. बाकीचे हसले, मला हसू येईना.

"भाऊ, जरा दुष्ट हसा ना," दिग्दर्शकाचा माणूस म्हणाला.

"आरं बाबा, त्याला हसाया कशाला लावतोस?" चुलती बांधावरून ओरडली. "त्यो न हसताच करतो!"

सगळं गाव हसलं. ती कशाबद्दल बोलली ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दुपारी खलनायकाचं काम करणारा नट तिच्याजवळ येऊन बसला आणि मागून घेऊन भाकरी-चटणी जेवला. तो उठून गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्यो बरा हाय. वाईट वागायचं आसलं की चष्मा घालतो. वळखू तरी येतो."

मला मान वर करता आली नाही. भातलावणीआधी चिखलणी करताना मी पॉवर टिलर बांधाला घासून न्यायचो. दरवर्षी थोडी माती माझ्या बाजूला यायची आणि बांध तेवढा अरुंद व्हायचा. एका वर्षात ते कुणाच्या नजरेत येत नाही. मी कुणाला धमकावलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता. दिवाळीला तिच्याच घरी फराळ करत होतो. सिनेमातला जमीनदार दिसला की दात-ओठ खायचो, आणि त्याच्यासारखं आपल्यात काही नाही म्हणून स्वतःला चांगला समजायचो. ज्या बांधावरून चुलती डोक्यावर भारा घेऊन बिनघोर जायची, तिथे गेल्या पावसाळ्यात ती हात पसरून, पाय चाचपत चालत होती. एकदा घसरली. मीच धावत जाऊन उठवलं. तिने बांधाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

शूटिंगवाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेलो.

"काकी, बांध घालायचाय."

"शूटिंगसाठी?"

"न्हाई. मी कोरलाय, म्हणून."

तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "कुदळ तुझी आण. माजी मोडलीया."

खाचरात येऊन तिने माझ्या बाजूला एके ठिकाणी पाय रोवला. "हितपातूर व्हता."

मला ते जास्त वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणीही वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आता हसतोस का काय?"

मी कुदळ मारायला लागलो. पाऊस सुरू व्हायच्या आत बांध पुरा झाला. ती भिजवलेली माती थापत होती आणि मी कुठे कमी घालतो यावर तिची नजर होती. ती असायलाच हवी होती.

पावसात तिने बांधाच्या आपल्या कडेला तूर टोकली. आमच्याकडे बांधावर तूर असतेच, पण इथे तुरीला जागाच राहिली नव्हती.

"बांधाच्या तुझ्या बाजूला तू लाव," ती म्हणाली. "आन् टिलर जपून चालव. आता नुसती माती न्हाई, तूर पडंल. साऱ्या गावाला दिसंल."

मी लावली. भात कापणीला आलं तेव्हा तुरीला फुलं धरली होती. सिनेमा अजून लागलेला नाही, त्यात मी हसताना दिसेन की नाही कोण जाणे. चुलती मात्र भाताचा भारा घेऊन तुरीच्या दोन्ही ओळींमधून येते. हात पसरत नाही.