पाच व्होल्टची बेल

सासरे बाथरूममध्ये पडले तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि माझा फोन सायलेंटवर होता. दुपारची वेळ. आमच्या टॉवरमधली वीज सकाळपासून गेलेली, पण त्यात नवीन काही नव्हतं. फरीदाबादच्या कालव्यापलीकडे तेव्हा नुसते टॉवर उभे राहत होते. आमच्या सोसायटीला कायमचं कनेक्शन मिळालेलं नव्हतं, सगळं बिल्डरच्या जनरेटरवर चालायचं, आणि जनरेटर रोज काही ना काही कारणानं बंद पडायचा.

सासऱ्यांना दीड वर्षापूर्वी पुण्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचे, आणि आवाज इतका बारीक झाला की शेजारी बसलं तरच ऐकू यायचा. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नवरा म्हणाला, दिल्लीला घेऊन येऊ. आणलं, आणि पाच महिन्यांत त्यालाच कंपनीनं वर्षभरासाठी परदेशात पाठवलं. मग घरात आम्ही दोघं, आणि दिवसभर त्यांच्याजवळ राहणारी एक बंगाली बाई. तिला आम्ही दीदी म्हणायचो.

हाक मारता येत नाही म्हणून मी त्यांना बिनतारी बेल आणून दिली होती. बटण त्यांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं, आणि ज्यातून आवाज यायचा तो डबा स्वयंपाकघरातल्या प्लगला, मोबाइलसारख्या चार्जरनं जोडलेला. त्या दिवशी ते पडल्यावर बटण दाबत राहिले. इन्व्हर्टरची बॅटरी पंख्यानं केव्हाच पिऊन टाकली होती, त्यामुळे डबा मेलेला. दीदी मागच्या बाल्कनीत हातानं कपडे धूत होती. बाहेर धुळीचं वादळ होतं म्हणून तिनं मधलं दार लावून घेतलं होतं. पाऊण तास ते ओल्या फरशीवर पडून होते.

हाड मोडलं नव्हतं. एक्स-रे काढून, कमरेला पट्टा बांधून आम्ही परत आलो. त्यानंतर चार दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. मी ऑफिसला निघताना "येते बाबा" म्हणायचे, ते भिंतीकडे बघत मान हलवायचे. दीदी म्हणायची, "भाभी, बाबूजी मुझसे भी नहीं बोल रहे. मेरा कसूर है क्या?" तिचा काही दोष नव्हता, आणि हे मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं त्राण नव्हतं. गुडगावहून कॅबनं घरी यायला दोन तास लागायचे, आणि दारात पाय ठेवला की माझी पहिली इच्छा असायची की कुणी काही विचारू नये.

पाचव्या संध्याकाळी त्यांनी मला डाव्या हातानं खुणावलं. उशीवर वर्तमानपत्राचा कागद होता, त्यावर लहान मुलासारख्या अक्षरात लिहिलेलं: बारा, बाण, पाच.

"बेलला वेगळी बॅटरी हवी," ते म्हणाले. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. "पंखा सगळी खातो. जुन्या यूपीएसची बॅटरी आहे ना कपाटात? ती बाराची. बेलला पाच लागतात. मधे रेग्युलेटर टाकायचा."

सासरे टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. पुण्याहून येताना कपड्यांच्या बॅगेपेक्षा त्यांची हत्यारांची पेटी जड होती. मी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये काम करते. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता.

"बाबा, मी नवा मोठा इन्व्हर्टर आणते ना."

"तोही पंखा खाईल," ते म्हणाले.

त्या शनिवारी मी लाल किल्ल्यासमोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. मेट्रो बदलून, उन्हातून, माणसांच्या खांद्यांमधून. त्यांनी चिठ्ठीवर रेग्युलेटरचा नंबर लिहून दिला होता. दुकानदारानं चिठ्ठी वाचून परत दिली. "ये पुराना हो गया मैडम, बहुत गरम होता है. ये ले जाओ, बक मॉड्यूल. बारा दो, पाँच लो, जो चाहो लो. एडजस्टेबल है." आणि त्यानं माझ्या तळहातावर काडेपेटीहून लहान निळी पट्टी ठेवली. तिच्यावर एक तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन डब्या आणि एक निळा ठोकळा, त्याच्या डोक्यावर पितळी स्क्रू.

घरी आल्यावर सासऱ्यांनी ती पट्टी भिंगाखाली धरली आणि कितीतरी वेळ उलटीपालटी केली. "सात व्होल्ट जातात कुठे मग?" ते म्हणाले. "आमच्या वेळी जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन जायचे. हाताला चटका बसायचा." दुकानदारानं मला जेवढं सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं, की हे भराभर चालू-बंद करतं आणि हवे तेवढेच घेतं. त्यांचा विश्वास बसला नाही. पण त्या दिवशी ते जेवताना बोलले. भाजीत मीठ कमी आहे, म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही टेबलाशी बसलो. काम असं ठरलं की ते सांगणार आणि मी करणार. माझ्या बोटांना सोल्डरिंगची सवय नव्हती. दोनदा चटका बसला, एकदा कथलाचा थेंब ओढणीवर पडला. ते डाव्या हातानं हवेत दाखवायचे: तार इथे, काळी तिथे. मला त्यांचं अर्धं ऐकू यायचं नाही आणि "काय?" असं विचारून विचारून माझंच डोकं दुखायला लागलं. शेवटी चार तारा लागल्या. तेवढ्यात त्यांना बाथरूमला जायचं झालं. दीदी त्यांना घेऊन गेली. जाताना ते वळून म्हणाले, "आधी मोज. मग जोड."

मी ते ऐकलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. पण साडेअकरा वाजले होते, आठवड्याचे कपडे पडले होते, आणि मला ते टेबल आवरायचं होतं. पट्टी बाजारातून सेट होऊनच येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि बेलचा डबा जोडून टाकला. एक बारीक टक् आवाज आला. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास.

ते दारातच थांबले. वास त्यांना माझ्या आधी कळला असावा.

"मोजलं होतंस?"

"नाही."

ते हळूहळू येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मला तरी उलट बोलता आलं असतं. त्यांनी जळका डबा जवळ ओढून पाहिला आणि मीच बोलायला लागले. "मला नाही येत हे, बाबा. मी दमलेय. सोमवार ते शुक्रवार ते ऑफिस, मग हे घर, मग तुमचं... मला नाही जमत."

"मग आज नको," ते म्हणाले.

एवढंच. दीदीनं टेबल आवरलं. मी कपडे धुवायला टाकले, आणि वीज गेली.

पुढच्या रविवारी नवी बेल आणली होती. या वेळी मी डबा दुसऱ्या खोलीत ठेवला, हाताशी नकोच म्हणून. बॅटरी जोडली, सासऱ्यांच्या पेटीतल्या व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन कांड्या पट्टीच्या पलीकडच्या टोकाला लावल्या. आकडा बारा पूर्णांक तीन. सासऱ्यांनी स्क्रूकडे बोट दाखवलं. "घड्याळाच्या उलट."

मी फिरवला. बारा पूर्णांक तीन. आणखी एक फेरा. तेवढेच. पाच, सहा, सात फेरे झाले, आकडा जागचा हलेना.

"हे बिघडलेलं दिसतंय."

"फिरव."

"बाबा, काही होत नाहीये."

"फिरव, अजून फिरव. याला पुष्कळ आटे असतात."

मी न मोजता फिरवत राहिले, आणि मग एकदम आकडा सुटला. अकरा, साडेदहा, नऊ. मी थांबले. ते माझ्याकडे न बघता आकड्याकडे बघत होते. "सावकाश आता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, स्वयंपाकघरातून दीदी डोकावली. सात. सहा. पाच पूर्णांक एक. पाच.

"नेलपॉलिश आहे का तुझ्याकडे?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ड्रॉवरमध्ये लग्नात आणलेली एक मरून रंगाची बाटली होती, अर्धी सुकलेली. त्यांनी ब्रश डाव्या हातात धरून त्या पितळी स्क्रूवर एक थेंब ठेवला. "हलणार नाही आता. एक्स्चेंजमध्ये आम्ही असंच करायचो. स्टोअरवाला विचारायचा, ऑफिसला नेलपॉलिश कशाला."

ते हसले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तोंडाची एकच बाजू वर गेली.

बेल चालली. वीज असो नसो, ती चालली, आणि तिथून माझा दुसरा त्रास सुरू झाला. त्यांना खात्री हवी असायची. सकाळी चहा झाला की बेल. पडदा सरकवायला बेल. दीदीला रविवारी दुपारनंतर सुट्टी असायची, म्हणजे रविवार दुपारची प्रत्येक बेल माझी. "काही नाही, वाजते का बघत होतो," असंही एकदा म्हणाले. एका रविवारी दुपारी मी ताप आल्यासारखी अंथरुणावर पडले होते आणि अर्ध्या तासात बेल चार वेळा वाजली. चौथ्यांदा मी उठले, त्यांना पाणी दिलं, स्वयंपाकघरात आले आणि बॅटरीची तार काढून ठेवली. हे मी नीट विचार करून केलं. रागाच्या भरात केलं असं सांगता आलं तर मला आवडेल, पण तसं नव्हतं. मला फक्त झोपायचं होतं.

उठले तेव्हा पावणेपाच वाजले होते. मी आधी बेलची तार जोडली आणि मग त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगाच्या काठावर बसले होते. चादर ओली होती, पायजमाही. ती ओली जागा लपवण्यासाठी त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला होता.

मी कपाटातून कोरडा पायजमा काढला.

"बेल बंद होती," ते म्हणाले. "दोनदा दाबली. मग कळलं."

"बाबा, मी..."

"तू झोपली होतीस. बरं केलंस." मग म्हणाले, "पण तार काढू नकोस. मला सांगत जा, आता दोन तास वाजवू नका. मी नाही वाजवणार."

मी त्यांचे कपडे बदलले. यापूर्वी ते काम दीदी करायची किंवा, इथे होता तेव्हा, माझा नवरा. ते भिंतीकडे बघत राहिले आणि मीही. त्या दिवसापासून रविवारी दुपारी मी त्यांना सांगून झोपायचे, "दोन तास, बाबा," आणि त्या दोन तासांत बेल खरंच एकदाही वाजली नाही. मी मात्र अर्धा वेळ जागीच असायचे, वाजेल म्हणून.

नंतर समोरच्या फ्लॅटमधले एक निवृत्त मास्तर बेल बघायला आले. वीज गेली की त्यांचं इंटरनेट जायचं आणि अमेरिकेतल्या मुलीचा व्हिडिओ कॉल मधेच तुटायचा. त्यांच्या राउटरला नऊ व्होल्ट लागत होते. सासऱ्यांनी मला न विचारता होकार दिला.

"सोपं आहे. तोच स्क्रू, फक्त नऊवर थांबायचं."

"बाबा, मला नाही जमणार."

"एकच तर आहे."

"एक नाही होणार. आज मास्तर, उद्या सातव्या मजल्यावरचे. मला सुट्टीचे दोनच दिवस असतात."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही. माझ्यात तेवढी ताकद शिल्लक नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते गप्प असले की घर जरा हलकं वाटायचं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी घरी आले तर टेबलावर दिवा लावलेला, मीटर बाहेर, मास्तरांनी बाजारातून आणलेली तसलीच निळी पट्टी, आणि खुर्चीत दीदी. तिच्या हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर. शेजारी सासरे, मान पुढे काढून. दीदी पाचवीपर्यंत शिकलेली, आकडे मोठ्यानं वाचत होती. "बारह दशमलव दो. बाबूजी, कुछ नहीं हो रहा."

"घुमाओ," सासरे त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "अभी और घुमाओ."

मला दोघांनीही पाहिलं नाही. मी दारात पर्स खांद्यावर घेऊन उभी होते. क्षणभर मला वाईट वाटलं, माझी जागा कुणी घेतल्यासारखं. ते फार टिकलं नाही. मी आत जाऊन सोफ्यावर बसले, चप्पलही काढली नाही, आणि डोळे मिटले.

"ग्यारह! भाग रहा है, बाबूजी!"

"धीरे. नौ पे रुकना."

थोड्या वेळानं सासऱ्यांनी मला हाक मारली. बेल नाही वाजवली, हाक मारली, आणि मला ती सोफ्यापर्यंत ऐकू आली.

"बघ गं, येऊन."

"उद्या बघते, बाबा."

"बरं. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी मी खरोखर पाहिलं. सोल्डरचे डाग हरभऱ्याएवढे जाड होते आणि एक तार वाकडी जोडलेली होती. पण मीटर लावला तर नऊ होते, अगदी नऊ. मास्तर दुपारी येऊन ते घेऊन गेले. जाताना त्यांनी दीदीला हात जोडले. ती गोंधळून गेली आणि कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या बाल्कनीत निघून गेली.