हवालदार मानोप आणि अठरावा प्रसंग

मानोपला त्या मालिकेतलं काहीएक पटत नव्हतं, आणि हे तो दिवसातून चाळीस वेळा सांगायचा. थोनबुरीतल्या एका ठाण्यात बत्तीस वर्षं हवालदारकी करून निवृत्त झालेला हा माणूस आता मालिकेचा पोलीस सल्लागार होता. दिग्दर्शिका अरुणी त्याच्या बायकोची लांबची भाची. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा चार लोकांचं खाऊ दे, एवढ्याच विचाराने बायकोने त्याला तिच्या गळ्यात बांधलं होतं.

मालिका म्हणजे खुनाचा तपास आणि दोन पुरुषांचं प्रेम, एकाच ताटात वाढलेलं. डॉक्टरच्या जोडीदाराचा खून होतो, ठाण्यात त्याला कुणी दाद देत नाही, मग एक देखणा इन्स्पेक्टर तपास हाती घेतो, आणि तपास करता करता दोघं एकमेकांचे होतात. तेरा भाग. त्यातला खुनी शोधायला अर्धा भाग पुरला असता; बाकीचे साडेबारा दोघं एकमेकांकडे बघण्यात घालवणार होते.

"प्रेताशेजारी उभं राहून कोण कुणाकडे असं बघतं?" मानोप करवादायचा. "प्रेताला वास येतो, पोरांनो! वास!"

"लुंग, टीव्हीतून वास जात नाही," इन्स्पेक्टर झालेला फूम हसून म्हणायचा. सगळे त्याला लुंग, म्हणजे काका, म्हणत. फूमचा गणवेश इतका घट्ट शिवला होता की चोरामागे धावला असता तर चोर सापडण्याआधी शिवण सुटली असती.

"तुझ्यासारखा इन्स्पेक्टर आमच्या ठाण्यात आला असता ना, तर आम्ही त्याला चहा आणायला पिटाळला असता."

"मग बरंच झालं. डॉक्टरसाहेबांनाही चहा नेला असता," फूम म्हणाला, आणि डॉक्टर झालेल्या विनने लाजल्याचं नाटक केलं. मानोपने नाक मुरडलं. असली थेरं लोक बघतात आणि वर रडतातही, हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. बायको रुमाल घेऊनच बसायची.

या सगळ्या तमाशातली एकच गोष्ट त्याला मान्य होती. मेलेल्या माणसाचा, शवपेटीपुढे ठेवतात तसला फोटो चित्रीकरणात वापरला, की प्रसंग संपल्यावर सगळ्यांनी त्या फोटोभोवती उभं राहून मोठ्याने हसायचं. नाहीतर फोटोतल्या नटाला खरोखरच काहीतरी होतं. पहिल्या आठवड्यात मंडळी हे विसरली तेव्हा मानोपनेच सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. "मस्करी आहे का? उभे राहा, हसा!"

मग अठराव्या प्रसंगाचे कागद आले. डॉक्टर जोडीदाराचा फोटो घेऊन ठाण्यात येतो, टेबलामागचा हवालदार त्याला हुसकावून लावतो. मानोपने वाचलं आणि कागद अरुणीपुढे टाकले.

"हा प्रसंग काढ. खोटा आहे."

"खोटा कसा, लुंग?"

"असं काही होत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झालेली नाही. मला शिकवू नकोस."

हे वाक्य तो लग्नात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही सांगायचा. दुसरं सांगण्यासारखं त्या माणसाजवळ काही नव्हतंच. तो प्रसंग झाला असता तर तेही राहिलं नसतं, आणि हे तिथे एकट्या मानोपला माहीत होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी थावोन नावाचा एक शिंपी त्याच्या टेबलापुढे उभा राहिला होता. नऊ वर्षं त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलेला प्रीदा कालव्यात मेलेला सापडला होता, डोक्याला मागून जखम. मानोपने विचारलं, तुमचं नातं काय? थावोन म्हणाला, मित्र. मानोपने 'दारूच्या नशेत तोल जाऊन पडला' असं लिहून प्रकरण मिटवलं. प्रीदा दारूला शिवतही नव्हता. हे सांगायला थावोन सतरा दिवस रोज आला. सतराव्या दिवशी तो स्मशानातून थेट आला होता, काखेत प्रीदाचा फोटो घेऊन. नंतर तो आला नाही, आणि ज्याने ढकललं तो कुठे जेवत असेल, झोपत असेल, ते मानोपने कधी विचारलं नाही.

अरुणी ऐकेना. त्यातच हवालदाराचं काम करणारा नट दुसऱ्या मालिकेत अडकून पडला. बंद पडलेल्या शाळेचा वर्ग भाड्याने घेऊन ठाणं उभं केलेलं, दिवे लागलेले, सगळे तयार.

"लुंग, तुम्हीच बसा. तुमच्याइतका खरा हवालदार मला कुठे मिळणार?"

"मला नाटकं येत नाहीत."

"नाटक करूच नका. ठाण्यात बसायचात तसे बसा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि फुशारकीवर पोसलेल्या माणसाला टाळ्यांपुढे नाही म्हणता येत नाही. मानोप टेबलामागे बसला. विन आला, हार घातलेला फोटो त्याने टेबलावर ठेवला. कागदावरची वाक्यं मानोपला आठवेनात. तोंडातून आलं ते वेगळंच.

"नातं काय?"

"मित्र."

"मित्र? मग घरी जा. मित्रांसाठी आमच्याकडे कागद नसतो. आणि हा फोटो उचल, टेबल सरकारी आहे."

विनचे डोळे भरले, ते कुणी सांगितलं नव्हतं. मग अरुणी धावत आली, नाक पुसत. "एकाच फटक्यात! लुंग, इतकं खरं! हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"अनुभव," मानोप म्हणाला.

"चला, फोटोजवळ या सगळे!"

मंडळी गोळा झाली. फोटोतला पोरगा बाहेर अंडं-भात खात होता, तो हात धुवून पळत आला आणि आपल्याच फोटोशेजारी दात काढून उभा राहिला. फूम हसला, विन डोळे पुसत हसला, दिवेवाले हसले. मानोप फोटोकडे बघत खुर्चीतच बसून राहिला.

"लुंग, हसा ना!" पोरगा काकुळतीला आला. "तुम्हीच सांगितलंत ना? माझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

मानोपने ओठ ताणले. जमेना. आवाजही फुटेना.

थावोन फोटो घेऊन आला होता तेव्हा ठाण्यातले चौघेही असेच फोटोभोवती जमून हसले होते. पहिला मानोप हसला होता, आणि त्या दिवशी त्याला हस म्हणून कुणी सांगावं लागलं नव्हतं.