मीराच्या नावाची मेणबत्ती

लेकीला ऑपरेशनला नेलं होतं. जावयाचा फोन येईपर्यंत घरात बसवेना, म्हणून मी त्यांच्या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये गेले.

फुलं बदलणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मेणबत्ती पुढे केली. “कुणासाठी?”

नाव उच्चारलं तर भीती खरी होईल, असं वाटून मी खाली बघत राहिले. दगडी फरशी मधोमध झिजली होती. शेकडो वर्षं किती माणसं अशीच धास्तावून इथे आली असतील!

“मीरासाठी. माझी मुलगी,” मी अखेर म्हणाले.

फुलं तशीच ठेवून त्या माझ्याशेजारी बसल्या.

फोन वाजला. “आई, शुद्धीवर आलीय ती,” जावई म्हणाला.

मला माझं मोडकंतोडकं इंग्रजीही आठवेना. माझा उजळलेला चेहरा बघून त्या बाईच आनंदाने रडू लागल्या.