धुराचं छत

थंडीतल्या सकाळी मी भाचीला घेऊन गच्चीवर उभी होते. खाली पेटवलेल्या आमच्या बंबाचा धूर सरळ वर गेला आणि नारळाच्या शेंड्याशी अचानक आडवा पसरला, जणू तिथं छत होतं.

"आत्या, तो का थांबला गं?"

"रात्री जमीन गार होते, म्हणून तिच्याजवळची हवाही गार आणि जड होते. वरची हवा उबदार राहते, ती झाकणासारखी बसते. धूर तिच्यातून वर जात नाही."

"मग कुठे जातो?"

"कुठेच नाही. ऊन तापलं की झाकण उघडतं."

सांगता सांगता मलाच धडकी भरली. आभाळ अथांग आहे, असं मी जन्मभर धरून चालले होते. आज ते नारळाएवढंच उंच निघालं, आणि त्याखाली हिवाळ्यात छाती वाजणारी ही सहा वर्षांची पोर. लाकडं पेटेनात म्हणून मघाशी मीच बंबात दुधाच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या होत्या.

सूर्याचा पत्ता नव्हता. भाची गाल फुगवून, श्वास रोखून उभी होती.

"अगं, हे काय करतेस?"

तिने धुराकडे बोट दाखवलं. तोंड मात्र उघडलं नाही.