थोरला, धाकटा आणि निरगुडीचा पाला

टोकावड्याच्या प्रसूतिगृहात दोन माणसांचा शब्द शेवटचा असे. पोटातल्या बाळाबद्दल डॉक्टर प्रेमाबाईंचा आणि बादलीतल्या पाण्याबद्दल महिपतचा. प्रेमाबाईंकडे त्यासाठी भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र होतं. महिपतकडे उजवं कोपर होतं.

न्हाणीत बादली भरली की महिपत बाही सारून कोपर पाण्यात बुडवी, डोळे मिटी आणि मनातल्या मनात तीन आकडे मोजी. मग म्हणे, "तांब्याभर थंड," किंवा "घाल." पंजा का नाही बुडवत, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "पंजा राबून राबून बधिर झालाय. त्याला इस्तवपन गार लागतो. कोपर खोटं बोलत नाय." बाळंतिणींना न्हाऊ घालणारी गुणाबाई साऱ्या गावाला धारेवर धरी, पण या कोपरापुढे तीही गप्प बसे.

त्र्याण्णव साली महिपत तिथे लागला तो तांब्याच्या बंबाशी. पहाटे उठून लाकडं फोडायची, बंब पेटवायचा, धुराने डोळे लाल करून घ्यायचे आणि त्याच लाल डोळ्यांनी आल्यागेल्याकडे अशा ऐटीने बघायचं, की जणू आतली पोरं त्या बंबातूनच बाहेर येतात. सहा वर्षांनी बंब बुडाशी गळायला लागला आणि मोडीत गेला. प्रेमाबाईंना धूर नकोच होता. त्यांनी छपरावर काचेच्या दोन पेट्या आणि एक टाकी बसवून घेतली.

"सूर्यच पाणी तापवणार आता," बसवणारा माणूस म्हणाला.

"आणि मी काय करू?" महिपतने विचारलं.

"तुम्ही काचा पुसा."

हे महिपतला फार लागलं. तो काचा पुसायचा, पण शत्रूचं तोंड पुसावं तशा. एकदा त्या काचांवर गुणाबाईने नाचणीचे पापड वाळत घातले, तर ते त्याने मुद्दाम दोन दिवस तसेच राहू दिले आणि पाणी कोमट का, याचा शोध साऱ्यांना घेऊ दिला.

आषाढात अकरा दिवस सूर्य दिसला नाही. गुणाबाई रिकामी बादली आपटत आली. "महिपत, तुझ्या सूर्वाला सुट्टी पडली काय रे?" खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. पण तो टिकला तासभरच. आत एक पोरगी ओलेत्याने कुडकुडत होती, आणि तिचे वाजणारे दात त्याला बाहेर ऐकू येत होते. ते दोन पावसाळे त्याने स्वयंपाकघरातल्या शेगडीवर हंडे तापवून काढले.

दोन हजार एक साली प्रेमाबाईंनी बाहेरच्या भिंतीला गॅसचा गिझर लावला. सूर्याने जेवढं तापवलं तेवढं पाणी आधी त्यात यायचं आणि कमी पडेल तेवढीच आच गॅसने द्यायची. ती किती, ते एका बटणावर. आणि बटण किती फिरवायचं, ते महिपतच्या कोपरावर!

महिपत पुन्हा माणसांत आला. त्याने दोघांना नावंही दिली. छपरावरचा तो थोरला, भिंतीवरचा धाकटा. "थोरला दिवसभर गुमान राबतो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावी, "धाकटा येतो घटकाभर, पन आवाज करून. घर चालायला दोघं लागतात." सिलिंडर मुरबाडहून त्याचा मुलगा हनुमान आपल्या वडापच्या, म्हणजे गावोगाव सवाऱ्या वाहणाऱ्या, जीपमधून आणी. तो आला की महिपत त्याला पाहुण्यासारखा हात देऊन उतरवी. म्हणजे सिलिंडरला. हनुमान आपला आपण उतरे.

प्रेमाबाईंनी आणखी एक केलं. थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची इकडची रीत, आणि तिच्या धुराने नवजात पोरं खोकत. तेव्हा बाईंनी गरम पाण्याची नळी थेट न्हाणीत न नेता बाळंतिणींच्या खोलीतून भिंतीच्या कडेने फिरवून नेली. पाणी न्हाणीत पोचेस्तोवर खोली ऊबदार होई. "पानी गावभर गप्पा हाणत येतं," महिपत कुरकुरे, कारण वाटेत गेलेली ऊब धाकट्याला भरून द्यावी लागे. पण त्या नळीवर ओळीने वाळत घातलेली लंगोटं पाहिली की त्याची कुरकुर थांबे.

एवढं सगळं झालं, तरी बायकांच्या मनातून एक गोष्ट जाईना. या पाण्याला धुराचा वास नव्हता. बाळंतिणीचं पाणी म्हणजे चुलीवरचं, निरगुडीचा पाला घालून उकळलेलं. त्या वासाने निम्मं दुखणं जातं, असं त्यांचं म्हणणं. हे आपलं बिनवासाचं, नळातून आलेलं.

महिपत हे सगळं हसण्यावारी नेत होता. मग त्याची सून रेश्मा पोटुशी राहिली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर ठरलेला रिवाज. रेश्माचं माहेर डोळखांबच्या पलीकडे, गाडीरस्ता संपल्यावर दीड तास चढणीचं. आणि सातव्या महिन्यात प्रेमाबाईंनी महिपतला बाजूला घेऊन सांगितलं, "मूल आडवं आहे. फिरलं तर ठीक. पण तिला तिकडे पाठवू नका, महिपत. वेळ आली तर तिथून खाली आणेपर्यंत..." 

पण सुनेच्या आईला "पाठवत नाय" म्हणणार कसं? तो मान तिचा. महिपत स्वतः चढून गेला. विहीणबाईंनी, म्हणजे सावळीने, सगळं ऐकून घेतलं, त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "माझी पाच बाळंतपनं आयच्या हातच्या पान्यावर झाली. तुमच्याकडं माझ्या पोरीला नळाचं पानी, ना धुराचा वास, ना पाल्याचा. तिला कोन शेकनार, कोन बघनार?"

"मी हाय ना."

"तुमी बाप्ये."

शेवटी एवढं ठरलं, की मंगळवारी सावळी खाली उतरेल आणि पाणी बघेल. पाणी पटलं तर रेश्मा तिथे, नाही तर तिच्याबरोबर माहेरी. पायलट होऊ घातलेल्या मुलाच्या बापालाही परीक्षेच्या निकालाची जेवढी धास्ती नसेल, तेवढी घेऊन महिपत उतरून आला.

त्याचा पाण्यावर विश्वास होता. घोर होता तो वासाचा. सोमवारी दुपारी त्याने नदीकाठची निरगुडी पाच जुड्या तोडून आणली, छपरावर चढला आणि थोरल्याच्या टाकीचं झाकण काढून सगळा पाला आत सोडला. टाकी म्हणजे तरी काय, मोठा हंडाच. रात्रभर मुरेल, सकाळी नळ सोडला की घमघमाट! उतरताना तो गाणं गुणगुणत होता. गुणाबाईने विचारलं, "काय रे, हरखलास?" तर म्हणाला, "थोरल्याला औषध पाजलं."

मंगळवारी सावळी आली. पदर खोचलेला, काखोटीला एक गाठोडं. तिने खोली बघितली, नळीला हात लावून बघितला, लंगोटं बघितली.  प्रेमाबाई दारात उभ्या, गुणाबाई बादली घेऊन तयार, आणि रेश्मा खाटेवर बसून एकदा आईकडे, एकदा सासऱ्याकडे बघतेय.

महिपतने नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. मग करंगळीएवढी हिरवट धार आली, आणि भिंतीवरचा धाकटा टक-टक-टक-टक करीत राहिला. पेटेना. त्याला पेटायला पाण्याचा जोर लागतो, आणि जोर वाटेत कुठेतरी अडला होता.

"ह्यो काय किर्तन करतोय?" सावळीने विचारलं.

"पेटल आता," महिपत म्हणाला. टक-टक-टक. धारेबरोबर बादलीत एक पान येऊन तरंगू लागलं.

सावळीने बोट बुडवलं. "गार." तिने गाठोडं उचललं. "चल गो रेश्मा."

महिपत वळला. पाना घेऊन धावत बाहेर गेला, धाकट्याखाली उकिडवा बसला आणि नळीचा नट फिरवू लागला. नट सुटला तशी पाण्याची चिळकांडी सरळ त्याच्या तोंडावर. टोपी वाहून गेली, सदरा भिजला. तो तसाच बसून नळीच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या जाळीत अडकलेला पाला बोटाने ओढून काढू लागला. एक पान, दोन पानं, मग मूठभर लगदा. मागे सावळी येऊन उभी राहिली होती.

"ह्यो पाला कुनी घातला?"

"मी."

"यंतरात?"

"वास नाय म्हनलात ना तुमी." त्याने तोंड पुसलं, म्हणजे तोंडाला पाला फासला. "जाऊ द्या, विहीणबाय. वासाचं सोडा. माझ्यावर राग काढा, दोन शिव्या घाला. पन पोरीला वर नेऊ नका. मूल आडवं हाय."

सावळीने त्या मुठीतल्या हिरव्या लगद्याकडे बघितलं. आणि मग तिला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलायचे थांबेनात. "पाला बादलीत घालतात हो व्याहीबुवा! म्हशीला पेंड घालावी तसा कोन घालतो?"

आत गुणाबाई हसायला लागली, मग रेश्मा, मग प्रेमाबाईही. रेश्मा हसता हसता पोट धरून म्हणाली, "आये, लाथ मारतोय बघ."

महिपतने छपरावर चढून टाकीतला उरलेला पाला उपसला, जाळी धुतली, नट आवळला. धाकटा भक्कन पेटला. बादली भरली. महिपतने सवयीने बाही सारून कोपर बुडवलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरून सावळीनेही आपलं कोपर त्याच बादलीत बुडवलं होतं. बांगड्या वर सारून, डोळे मिटून.

"तांब्याभर थंड," ती म्हणाली.

"तांब्याभर," महिपत म्हणाला.

सावळीने गाठोडं खाली ठेवलं, सोडलं. आत निरगुडीच्या चार जुड्या होत्या, एक धुपाटणं होतं आणि तिची स्वतःची दोन लुगडी. "मी ऱ्हाते इथं," तिने प्रेमाबाईंना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "पोरीला मी न्हाऊ घालीन. पानी ह्यांचं, पाला माझा. आनि ह्यांना छपरावर चढू देऊ नका."

मूल फिरलं नाही. मार्गशीर्षात प्रेमाबाईंनी रेश्माला वेळेआधी दोन दिवस हनुमानच्या जीपने कल्याणला नेलं, तिथे पोट फाडून मुलगी झाली, आणि आठव्या दिवशी आई-मुलगी टोकावड्याच्या त्या उबदार खोलीत परत आल्या. वर, माहेरच्या पाड्यावर, त्या दिवसांत काय झालं असतं, हे सावळीने एकदाही तोंडातून काढलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीतून हाक मारली.

"व्याहीबुवा, नातीचं पानी! कोपर घेऊन या!"

महिपत धावला. जाता जाता त्याने धाकट्याचं बटण किंचित मागे फिरवलं. सकाळपासून लख्ख ऊन पडलं होतं, आणि थोरल्याने आज नातीसाठी आपलं काम चोख केलं होतं.